मठ गेला, धर्मग्राम उरला

इंग्लंडच्या पश्चिम भागात, ग्लॉस्टरशर परगण्यात, सेव्हर्न आणि एव्हन या दोन नद्यांचा संगम होतो. त्या संगमाजवळ ट्यूक्सबरी नावाचे जुने बाजारपेठेचे गाव आहे. गाव लहान, परंतु गावाच्या दक्षिण अंगाला उभे असलेले पवित्र कुमारी मरियेचे चर्च मात्र एवढे अवाढव्य की, इंग्लंडमधील कित्येक कॅथेड्रले त्याच्यापुढे लहान दिसावीत. आज ते अँग्लिकन पंथाचे धर्मग्राम-चर्च आहे. इ. स. १५४० पर्यंत ते बेनेडिक्टाइन संन्याशांचे मठमंदिर होते. त्या वर्षी राजा आठवा हेन्री याने मठ बंद केला आणि ज्या इमारतींची यापुढे गरज नाही, त्या मोडीत काढाव्यात म्हणून जी यादी त्याच्या अधिकाऱ्यांनी तयार केली, तिच्यात या चर्चचेही नाव होते. ट्यूक्सबरीच्या गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून ते राजाकडून विकत घेतले.

या व्यवहाराकडे मी एक धर्मगुरू म्हणून पाहतो, तेव्हा मनात दुहेरी भावना उमटते. ज्या कॅथलिक श्रद्धेने हे मंदिर उभारले, त्या श्रद्धेची उपासना तेथून थोड्याच वर्षांत हद्दपार झाली, याची खंत तर वाटतेच. परंतु त्याचबरोबर एक प्रश्नही सतावतो. याच एव्हन नदीच्या काठी, वरच्या अंगाला सुमारे वीस किलोमीटरवर, इव्हशॅम येथे याहूनही प्राचीन कीर्तीचा बेनेडिक्टाइन मठ होता. त्याच्या मठमंदिराची आज भिंतही धड शिल्लक नाही. जवळच्या विंचकोम येथील मठही असाच नाहीसा झाला. एकाच परिसरातल्या, एकाच संघाच्या, एकाच राजाज्ञेखाली सापडलेल्या मंदिरांपैकी एक तरले आणि दोन बुडाली, हे कशामुळे घडले? उत्तर शोधू गेले असता ते राजाच्या मर्जीत सापडत नाही, मठाधिपतींच्या मुत्सद्देगिरीतही सापडत नाही. ते सापडते चर्चच्या पश्चिमेकडील अर्ध्या भागात, जेथे सामान्य माणसे उभी राहत असत.

प्रथम वास्तूविषयी. ट्यूक्सबरी हे नाव थिओक नामक सातव्या शतकातील एका तपस्व्यावरून पडले, अशी परंपरा आहे. आठव्या शतकाच्या आरंभी येथे पहिला मठ उभा राहिला, असेही परंपरा सांगते. तो अर्थातच लहानसा असणार. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर विल्यम रूफस या राजाने १०८७ मध्ये हा मुलूख आपला नातलग रॉबर्ट फिट्झहॅमन याला दिला. हा फिट्झहॅमन म्हणजे तलवारीचा माणूस. पण त्याने क्रॅनबोर्न मठाचे मठाधिपती जेराल्ड यांच्या साहाय्याने येथे नवा मठ स्थापन केला, आणि ११०२ मध्ये क्रॅनबोर्नचे मठवासी येथे राहावयास आले. बांधकामासाठी दगड आणला तो समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीतील कान या गावाच्या खाणींतून. जहाजांतून आणि मग सेव्हर्न नदीतून तो थेट गावापर्यंत पोहोचला. फिट्झहॅमन ११०७ मध्ये मरण पावला. मंदिराचे काम त्याच्या जावयाने, म्हणजे पहिल्या हेन्री राजाच्या पुत्राने, पुढे चालू ठेवले आणि ११२१ साली मंदिराचा पवित्रीकरण विधी झाला. या घटनेला २०२१ मध्ये नऊशे वर्षे पूर्ण झाली.

मंदिराच्या मध्यभागी सुमारे १४८ फूट उंचीचा चौकोनी मनोरा आहे. नॉर्मन शैलीच्या आज उभ्या असलेल्या मनोऱ्यांत तो सर्वांत देखणा मानला जातो. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीत एकात एक बसविलेल्या कमानींची जी प्रचंड महिरप आहे, तिची उंची ६५ फूट भरते. आत शिरले की दोन्ही बाजूंस मिळून चौदा गोल खांब दिसतात. प्रत्येक खांब तीस फूट उंच आणि जाडीला सहा फुटांहून अधिक. त्यांच्यावर नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. हे साधेपण मुद्दाम केलेले असो वा काळाच्या रीतीचे असो, त्या खांबांच्या रांगेतून चालणाऱ्याला आपोआप आवाज खाली आणावासा वाटेल, यात शंका नाही.

आता आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. मध्ययुगातील बेनेडिक्टाइन मठमंदिर आतून एकसंध नसे. मधोमध पडदी घातलेली असे. पडदीच्या पूर्वेस मठवासीयांचा गायनमंडप आणि मुख्य वेदी. मठवासी रात्री उठून आणि दिवसभरात ठरलेल्या वेळी तेथे जमत, स्तोत्रे गात. त्या भागात प्रापंचिकांना सहसा प्रवेश नसे. पडदीच्या पश्चिमेस मध्यमंडप. काही मठांत हा मध्यमंडपही मठाचाच असे आणि गावासाठी मठाच्या आवारात किंवा वेशीवर वेगळे लहान चर्च बांधून दिलेले असे. ट्यूक्सबरीला मात्र तसे वेगळे चर्च नव्हते. मठमंदिराचा मध्यमंडप हेच गावाचे धर्मग्राम-चर्च. तेथेच गावाची वेदी, तेथेच गावातील मुलांचा बाप्तिस्मा, तेथेच लग्ने, तेथूनच अंत्ययात्रा. पडदीच्या एका बाजूला संन्याशांची स्तोत्रे आणि दुसऱ्या बाजूला विणकर, चर्मकार, नावाडी, बाजारकरी आणि त्यांची रडणारी मुले, असे चारशे वर्षे चालले.

हा शेजार नेहमीच प्रेमाचा असेल, असे मानण्याचे कारण नाही. ज्याने धर्मग्रामात पाच-दहा वर्षे काढली आहेत, त्याला एका छपराखाली दोन कारभार म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. परंतु एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्यमंडपाचे जुने लाकडी छत काढून दगडी कमानदार छत घालण्यात आले. त्या छताच्या कमानी जेथे एकत्र मिळतात, तेथे मधल्या ओळीत कोरीव दगडी शिल्पे बसविली आहेत, आणि त्या शिल्पांतून ख्रिस्तचरित्र सांगितले आहे. ही चित्रमाला मठवासीयांच्या डोक्यावर नाही, ती गावकऱ्यांच्या डोक्यावर आहे. वाचता न येणाऱ्या माणसाने मान वर करावी आणि गव्हाणीपासूनची कथा एकेक करून पाहावी, अशी ती योजना दिसते. संन्याशांनी आपल्या शेजाऱ्यांची आठवण ठेवली होती, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

पूर्वेकडील गायनमंडप त्याच सुमारास नव्याने सजविला गेला. त्याची कहाणी दुःखाची आहे. या मुलुखाची वारसदार एलेनोर द क्लेअर हिचा पती ह्यू डिस्पेन्सर हा दुसऱ्या एडवर्ड राजाचा लाडका सरदार. राजाच्या पाडावाबरोबर १३२६ साली हेरफर्ड येथे त्याचा अत्यंत क्रूरपणे वध करण्यात आला. त्याच्या देहाचे अवशेष या मंदिरात पुरले आहेत. एलेनोर १३३७ मध्ये वारली. गायनमंडपाच्या वरच्या भागातील सात रंगीत काचेच्या खिडक्या मात्र तिच्या घराण्याच्या आश्रयाने पूर्ण झाल्या. पूर्वेच्या खिडकीत अंतिम न्यायाचा देखावा आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात विवस्त्र, गुडघे टेकून प्रार्थना करणारी एक स्त्री दाखविली आहे. ती एलेनोरच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इतर खिडक्यांत तिच्या घराण्यातले वीर चिलखत घालून ताठ उभे आहेत. न्यायाच्या दिवशी चिलखत कामास येत नाही, हे त्या घराण्यात एकट्या तिलाच समजले होते की काय, असे वाटून जाते. या खिडक्यांची काच आजही पुष्कळ अंशी मूळचीच आहे, आणि इंग्लंडमध्ये एवढी मध्ययुगीन काच एका जागी फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

एलेनोरच्या नातवाची आठवणही येथे दगडात आहे. एडवर्ड डिस्पेन्सर १३७५ मध्ये वारला. त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण व्हावी म्हणून मुख्य वेदीजवळ एक छोटे प्रार्थनामंदिर बांधले गेले आणि त्याच्या छपरावर, एका लहानशा छत्रीखाली, एडवर्डची मूर्ती गुडघे टेकून, हात जोडून, वेदीकडे तोंड करून बसविली. मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याच्या अशा देणग्या १५४७ च्या कायद्याने बंद पडल्या. मूर्ती मात्र आजही त्याच दिशेला पाहत आहे.

या मंदिराने रक्तही पाहिले आहे. ४ मे १४७१ रोजी गावाबाहेरच्या शेतांत यॉर्क आणि लँकेस्टर या दोन राजघराण्यांची लढाई झाली. लँकेस्टरचा पक्ष हरला. त्या पक्षाचा तरुण युवराज एडवर्ड मारला गेला. वय अवघे सतरा. पळणारे सरदार आणि शिपाई मठमंदिरात शिरले. पवित्र स्थळी आश्रय घेतलेल्यावर शस्त्र चालवू नये, हा ख्रिस्ती जगाचा जुना दंडक. विजयी राजा चौथा एडवर्ड यॉर्कच्या शिपायांसह मागोमाग आला. मठाधिपती जॉन स्ट्रेन्शॅम पवित्र ख्रिस्तशरीर हाती घेऊन राजाला सामोरे गेले आणि त्यांनी कत्तल थांबविली, अशी आठवण परंपरेने जपली आहे. ती थांबली ती थोड्या काळापुरतीच. दोन दिवसांनी, ६ मे रोजी, आश्रय घेतलेल्या ड्यूक ऑफ सॉमरसेटसह अनेकांचा गावच्या बाजारात शिरच्छेद झाला. रक्त सांडल्याने विटाळलेले मंदिर बंद ठेवून पुन्हा पवित्र करावे लागले. सतरा वर्षांचा युवराज गायनमंडपाच्या जमिनीखाली विसावला आहे. त्याच्या वरच्या छतावर यॉर्क घराण्याच्या सूर्याची सोनेरी चिन्हे विजेत्याने लावून घेतली. सामानाच्या खोलीच्या दाराला आतून लोखंडी पत्रे ठोकलेले आहेत. ते त्या रणांगणावर सापडलेल्या चिलखतांचे आहेत, असे सांगतात.

एवढ्या थोरामोठ्यांची थडगी, एवढ्या देणग्या, वर्षाला सुमारे सोळाशे पौंडांचे उत्पन्न! मठ श्रीमंत होता, आणि श्रीमंती हेच त्याच्यावर आलेल्या संकटाचे एक कारण ठरले. आठव्या हेन्रीने पोप महोदयांशी नाते तोडले ते विवाहाच्या प्रश्नावरून. मठांवर हात टाकला तो मात्र तिजोरीसाठी. १५३६ च्या कायद्याने वर्षाला दोनशे पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले लहान मठ बंद झाले. मोठ्या मठांना आपणहून शरण येण्यास भाग पाडण्यात आले. 'आपणहून' या शब्दाचा अर्थ काय, हे नोव्हेंबर १५३९ मध्ये साऱ्या देशाला कळले. ग्लास्टनबरीचे वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांनी शरणपत्र दिले नाही, तेव्हा त्यांना टेकडीवर नेऊन फाशी देण्यात आले. चर्चने त्यांना पुढे १८९५ मध्ये धन्यवादित म्हणून गौरविले. ९ जानेवारी १५४० रोजी ट्यूक्सबरीचे मठाधिपती जॉन वेकमन यांनी शरणपत्रावर सही केली.

वेकमन यांना दोष द्यावा काय? त्यांना वर्षाला २६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्सचे निवृत्तिवेतन मिळाले, आणि १५४१ मध्ये ते राजाने नव्याने निर्माण केलेल्या ग्लॉस्टर धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले. मंदिरात त्यांच्या नावाने ओळखले जाणारे एक स्मारक आहे. दगडात कोरलेला कुजणारा मृतदेह आणि त्याच्यावर फिरणारे किडे, उंदीर, साप! मृत्यूचे स्मरण देणारे हे शिल्प खरे तर त्यांच्या काळाआधीचे मानले जाते, आणि वेकमन तेथे पुरलेलेही नाहीत. ते १५४९ मध्ये वारले. व्हायटिंग यांच्या फाशीनंतर दोन महिन्यांच्या आत ज्याच्यापुढे कागद आणि दौत ठेवली गेली, त्याच्या सहीचा न्याय घरबसल्या करणे मला जमत नाही. परंतु मंदिर वाचविण्याचे श्रेय त्यांना देता येणार नाही, हेही तितकेच खरे.

शरणपत्रानंतर राजाचे अधिकारी कामाला लागले. त्यांनी दोन याद्या केल्या. एका यादीत ठेवावयाच्या इमारती : मठाधिपतींचे निवासस्थान, कोठारे, स्वयंपाकघराकडील खोल्या, म्हणजे नव्या मालकाला राहावयास आणि धान्य भरावयास उपयोगी पडेल ते सारे. दुसऱ्या यादीत निरुपयोगी इमारती : चर्च, त्यातील प्रार्थनामंदिरे, चौकोनी ओवरी, सभाकक्ष, शयनगृह. चर्चच्या नावापुढे किंमत होती ती फक्त छपरावरील शिशाची आणि मनोऱ्यातील घंटांची. कारण दगड स्वस्त होता, लाकूड स्वस्त होते, आणि पावित्र्याला बाजारभाव नसतो. शिसे मात्र लगेच विकले जाई. रीत ठरलेली असे. छपरावरचे शिसे उतरवायचे, गायनमंडपातील आसने आणि छताची तुळवटे जाळून त्यावरच ते वितळवायचे, विटा पाडायच्या आणि राजमुद्रा उमटवून गाड्यांत भरायचे. घंटा फोडून तोफांच्या धातूसाठी द्यायच्या. शिसे उतरले की इमारत मरते. पाऊस आत येतो, छत कुजते, कमानी सुटतात, आणि मग भोवतालचे लोक गुरांच्या गोठ्यासाठी दगड नेऊ लागतात. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनच्या मठाचा तुटका मनोरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. तो मठ १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने बंद केला आणि १८४२ मध्ये, अवघ्या सात वर्षांत, त्याच्या चर्चचे छत कोसळले. मोडायला माणसे लागतातच असे नाही; राखणारे गेले की पुरे.

इव्हशॅमला हेच झाले. तेथील शेवटच्या संध्याकाळची एक आठवण एका मठवासीयाने बायबलच्या प्रतीत लिहून ठेवली आहे. ३० जानेवारी १५४० रोजी सायंप्रार्थना चालू होती, पवित्र मरियेचे स्तोत्र चालले होते, आणि देव सामर्थ्यवानांना आसनांवरून खाली ओढतो या ओळीवर गायन आले असता ते थांबविण्यात आले. स्तोत्र पुरे करू दिले नाही. त्यानंतर ते भव्य मंदिर दगडांची खाण म्हणून वापरले गेले. मठाधिपती क्लेमेंट लिचफील्ड यांनी विसर्जनाच्या थोडेच आधी बांधलेला स्वतंत्र घंटामनोरा तेवढा उरला. परंतु त्या मनोऱ्याशेजारी, मठाच्या जुन्या दफनभूमीत, दोन मध्ययुगीन चर्चे आजही उभी आहेत : सर्व संतांचे आणि संत लॉरेन्सचे. ती मठाने लोकांसाठी बांधू दिलेली चर्चे. लोकांना आपली मिस्सा, आपला बाप्तिस्मा, आपली दफनभूमी तेथे मिळत होती. मठमंदिर पडले तेव्हा गावाचे काहीच अडले नाही. विंचकोमचेही तसेच. पंधराव्या शतकात तेथे संत पेत्राचे सुंदर धर्मग्राम-चर्च मठाशेजारी बांधले गेले. ते आजही आहे. मठ मात्र जमिनीवर दिसतही नाही.

यात इव्हशॅमच्या लोकांची निंदा करण्याचा हेतू नाही. त्यांच्या मठाधिपतींनी लोकांची सोय अधिक चांगली केली होती. पण त्या सोयीमुळेच मठमंदिर आणि गाव यांच्यात एक अंतर पडले, आणि अडचणीच्या दिवशी ते अंतर भरून निघाले नाही.

ट्यूक्सबरीच्या गावकऱ्यांपुढे प्रश्न वेगळा होता. चर्च पाडले तर त्यांना दुसरे चर्चच नव्हते. त्यांनी राजाच्या अधिकाऱ्यांपुढे जो युक्तिवाद केला, तो साधा आणि पक्का होता. मध्यमंडप हे आमचे धर्मग्राम-चर्च आहे. त्याची डागडुजी आजवर आम्ही करीत आलो. जे मठाचे नव्हतेच, ते मठाबरोबर राजाकडे कसे जाईल? हा हक्क त्यांनी सोडला नाही. उरलेला पूर्वेकडील भाग, मनोरा, घंटा आणि छपरावरील शिसे एवढे सारे त्यांनी शिशाच्या आणि घंटांच्या धातूच्या भावाने मागितले, आणि ४५३ पौंडांवर व्यवहार ठरला.

४५३ पौंड म्हणजे किती? त्या काळी दक्षिण इंग्लंडमध्ये कसबी गवंड्याला दिवसाला सुमारे सहा पेन्स मिळत. एका पौंडात २४० पेन्स. म्हणजे ही रक्कम एका गवंड्याच्या सुमारे अठरा हजार दिवसांच्या मजुरीएवढी, साठ वर्षांच्या कष्टाएवढी भरते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मठाधिपतींच्या दोन वर्षांच्या निवृत्तिवेतनापेक्षाही ती कमी. छपराच्या दुरुस्तीसाठी घरोघरी वर्गणीची पावतीपुस्तके फिरविणाऱ्या माझ्यासारख्या प्रमुख धर्मगुरूला पहिला हिशेब अधिक बोलका वाटतो. त्या गावाने एवढी रक्कम उभी केली ती एका सरदाराच्या देणगीतून नव्हे, गावाच्या नावाने. आणि विकत घेतले ते केवढे! त्यांना मध्यमंडप पुरेसा होता. गायनमंडप, भोवतालची प्रार्थनामंदिरे, मनोरा यांची उपासनेसाठी गरज नव्हती. उलट त्यांचे शिसे आणि गळके सांधे कायमचे त्यांच्या गळ्यात पडणार होते. तरीही त्यांनी ते घेतले. ज्या पडदीपलीकडे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधी पाऊल टाकले नव्हते, तो भागही आता त्यांचा झाला.

असे व्यवहार इतरत्रही झाले. ग्रेट मॉल्व्हर्नच्या लोकांनी १५४१ मध्ये आपले मठमंदिर वीस पौंडांत घेतले, रॉमझीच्या लोकांनी १५४४ मध्ये शंभर पौंडांत, आणि सेंट ऑल्बन्सच्या गावाने १५५३ मध्ये चारशे पौंडांत. माम्झबरीला विल्यम स्टंप नावाच्या धनिक कापडव्यापाऱ्याने मठ घेतला आणि मध्यमंडप धर्मग्रामाला दिला. मठाच्या इमारतींत त्याने माग बसविले होते. मठविसर्जनाच्या चार वर्षांत इंग्लंड-वेल्समधील आठशेहून अधिक धर्मगृहे बंद झाली. त्यांतली जी मंदिरे आज छपरासह उभी आहेत, ती बहुतेक एक तर राजाने कॅथेड्रले म्हणून राखली म्हणून, नाही तर धर्मग्रामाने आपली म्हटली म्हणून.

सगळेच वाचले नाही. मुख्य वेदीच्या मागे, पूर्व टोकाला, पवित्र मरियेचे स्वतंत्र प्रार्थनामंदिर होते. ते विकत घेतलेल्या भागात नव्हते. ते पाडले गेले. बाहेरच्या भिंतीवर त्याच्या कमानीचा व्रण आजही स्पष्ट दिसतो. ओवरी गेली, सभाकक्ष गेला. मनोऱ्यावरचा लाकडी शिखरभाग १५५९ च्या ईस्टरच्या दिवशी कोसळला आणि तो पुन्हा उभारला नाही. उपासनाही बदलली. हेन्रीच्या हयातीत लॅटिन मिस्सा चालू होती. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले, राणी मेरीच्या काळात मिस्सा परतली आणि १५५९ नंतर पुन्हा गेली. ज्या माणसांनी चर्च विकत घेतले, त्यांतल्या पुष्कळांनी ही सारी उलथापालथ त्याच खांबांजवळ उभे राहून पाहिली असेल. ते कॅथलिक म्हणून जन्मले होते, त्याच बाप्तिस्माकुंडावर ख्रिस्ती झाले होते. पुढे काय येणार आहे, हे कळले असते तरी त्यांनी पैसे दिले असते, असे मला वाटते. कारण त्यांनी घेतले ते धोरण नव्हते, आपल्या मृतांची जागा होती.

मुख्य वेदीच्या शिळेचे भाग्य विलक्षण आहे. पर्बेक संगमरवराची तेरा फुटांहून लांब अशी ही शिळा. धर्मसुधारणेच्या काळात ती वेदीवरून हटली. अठराव्या शतकात तिचे लांबीने दोन तुकडे करून देवडीत बसण्याची बाके करण्यात आली. ज्या शिळेवर चारशे वर्षे पवित्र मिस्साबलिदान झाले, तिच्यावर पावसाने अडकलेले लोक बसून गप्पा मारीत! एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारात तुकडे पुन्हा जोडून शिळा पूर्वस्थानी बसविली गेली.

त्याच जीर्णोद्धाराने आणखी एक वाद पेटविला. वास्तुशिल्पी गिल्बर्ट स्कॉट यांच्या हाताखाली १८७५ नंतर हे काम सुरू झाले. ते पाहून कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस यांनी मार्च १८७७ मध्ये 'अथेनियम' या नियतकालिकास पत्र लिहिले. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी कामे खरवडून नवी बसविणे हा नाशच आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्याच वर्षी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी त्यांनी जी संस्था स्थापन केली, ती आजही कार्यरत आहे. जुने दगड आहेत तसे राखावेत, पडझड थांबवावी, नवे जुन्यासारखे दिसेल असा बनाव करू नये, हा विचार जगभर पसरला त्याला निमित्त झाले ते हे चर्च. जुने चर्च पाडून त्याजागी मोठे काँक्रीटचे चर्च बांधण्याच्या उत्साहात आपल्याकडील धर्मग्रामांनीही मॉरिस यांचे म्हणणे एकदा ऐकून घ्यायला हवे.

चर्चमधील एका वाद्याचाही उल्लेख करतो, संगीतप्रेमी वाचकांसाठी. येथील जुना ऑर्गन मूळचा ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा. क्रॉमवेलच्या काळात तो हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात नेण्यात आला आणि तेथे कवी मिल्टन यांनी तो वाजविला, अशी आख्यायिका आहे. ट्यूक्सबरीला तो १७३७ मध्ये आला. आजही त्याला मिल्टनचा ऑर्गन असेच म्हणतात.

जुलै २००७ मध्ये दोन्ही नद्यांना महापूर आला. त्या वेळी विमानातून घेतलेले छायाचित्र जगभर छापले गेले : चहूकडे तपकिरी पाणी, आणि मधोमध उंचवट्यावर ते चर्च. मठवासीयांनी जागा निवडताना पुराचा अंदाज घेतला होता, हे त्या चित्रावरून कुणालाही पटावे. पाणी ओसरल्यावर चर्चमधील उपासना पूर्ववत सुरू झाली.

मठाधिपतींचे जे निवासस्थान राजाच्या अधिकाऱ्यांनी उपयोगी म्हणून राखले होते, ते विसर्जनानंतर खासगी मालकीचे झाले होते. तेही अखेर १८८३ साली चर्चसाठी विकत घेण्यात आले, आणि धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे निवासस्थान झाले.